दोमिएची उसवलेली पाटलोण : १८३९ मधील एका फ्रेंच शिळाछाप चित्राची खरेदी

ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराने नवराबायकोच्या संसारावर ‘मर्स कोंज्युगाल’ नावाची साठ चित्रांची एक मालिका काढली. तिच्यातले सहाव्या क्रमांकाचे शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेले, चित्र मी पॅरिसमधील जुन्या छापील चित्रांच्या एका विक्रेत्याकडून विकत घेतले. हे चित्र ३० जून १८३९ रोजी ‘ल शारिव्हारी’ या पॅरिसच्या दैनिकात प्रसिद्ध झाले होते आणि माझ्याकडे आलेली प्रत त्या अंकातलीच आहे; म्हणजे पुढे चित्र आहे आणि पाठीवर वृत्तपत्राचा मजकूर. संग्राहकांच्या बाजारात अशा प्रतीला दुय्यम समजतात. कोऱ्या पाठीच्या, जाड पांढऱ्या कागदावर वेगळ्या काढलेल्या प्रतीला ते अधिक मान देतात आणि त्यासाठी अधिक पैसेही मोजतात. घरगुती जीवनावरच्या या चित्रांपुरता हा मान उलटा असायला हवा, असे माझे मत झाले आहे, आणि असा कागद विकत घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी त्याची कारणे मी येथे मांडतो.

प्रथम चित्राविषयी. एक मध्यमवर्गीय नवरा पाटलोण अंगात न घालता हातात धरून बायकोपुढे उभा आहे. बायको पुस्तक घेऊन बसली आहे. नवऱ्याचे उघडे पाय, अंगावरचा सदरा आणि हातातली लोंबणारी पाटलोण एवढ्यावरच सारे दृश्य उभे आहे. खालच्या मजकुरात नवरा म्हणतो की तुमच्या त्या सांदबाईंची मला काडीची पर्वा नाही; त्यांच्यामुळे बायका नवऱ्यांच्या पाटलोणी शिवायच्या थांबल्या आणि तळपायाखालच्या पट्ट्या उसवून गेल्या; आता एक तर घटस्फोटाचा कायदा परत आणला पाहिजे, नाही तर ही लेखिका तरी नाहीशी केली पाहिजे.

या पट्टीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या वाचकाला ती दिसूनही कळणार नाही. त्या काळच्या पुरुषी पाटलोणीच्या टोकाला एक अरुंद पट्टी असे. ती बुटाच्या तळव्याखालून नेत, म्हणजे पाटलोण पोटरीवर ताठ बसे आणि चालताना वर सरकत नसे. पॅरिसच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाचा सारा रुबाब या ताठपणावर अवलंबून होता. ही पट्टी दिवसभर चिखलाशी आणि फरसबंदीशी घासत असल्यामुळे पहिल्यांदा तीच उसवे, आणि ती उसवली की पाटलोण नडगीपर्यंत चढत जाऊन चारचौघांत शोभा होई. दोमिएच्या नवऱ्याची तक्रार म्हणूनच अगदी खरी आहे. त्याला उशीर होत असावा, दुसरी पाटलोण बहुधा नसावी, आणि चार टाके घालायला घरातले माणूस तयार नाही.

परंतु या चार टाक्यांसाठी तो मागतो आहे काय, ते पाहावे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, घटस्फोटाचा कायदा झाला. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेने तो आकसून का होईना, ठेवला. आणि राजेशाही परत आल्यावर १८१६ मध्ये तो रद्द झाला. १८३० च्या जुलै क्रांतीनंतर लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने तो परत आणण्याचा ठराव एकाहून अधिक वेळा मंजूर केला, पण सरदारांच्या वरिष्ठ सभागृहाने दरवेळी अडवला. अखेर तो आला १८८४ मध्ये. म्हणजे हे चित्र छापले गेले तेव्हा फ्रान्समधील नवराबायकोला कायद्याने वेगळे राहण्याची परवानगी मिळू शकत होती, पण विवाह मोडता येत नव्हता. त्याच नागरी संहितेत बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असे स्पष्ट कलम होते. आज्ञेचा अधिकार कायद्याने ज्याच्या हाती दिला आहे तो माणूस उघड्या पायांनी उभा राहून, आज्ञा चालत नाही म्हणून कायदा बदलायला सांगतो आहे, हे या चित्राचे मर्म आहे.

जॉर्ज सांद हे नाव घेऊन लिहिणारी लेखिका त्या वेळी पॅरिसमध्ये घराघरांत वाचली जात होती. १८३२ मधील तिच्या ‘इंदियाना’ या कादंबरीत जुलमी विवाहात अडकलेली स्त्री होती, आणि तिने स्वतः १८३६ मध्ये आपल्या नवऱ्यापासून न्यायालयामार्फत वेगळे होऊन नोआं येथील आपले घर परत मिळवले होते. घटस्फोट तिलाही मिळाला नाही, कारण तो कायद्यातच नव्हता. चित्रातल्या नवऱ्याने तिचे नाव घ्यावे आणि त्याच वाक्यात घटस्फोट मागावा, ही जुळणी १८३९ मधल्या वाचकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता या चित्रात हसे कोणाचे झाले आहे, हा प्रश्न. मजकूर वाचला तर वाटते, सांदचे आणि तिच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांचे. अनेक अभ्यासकांनीही हे चित्र स्त्रीविरोधी म्हणून मांडले आहे आणि ‘ल शारिव्हारी’चा एकूण सूर पाहता त्यांचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. मात्र दोमिएच्या चित्रांखालचा मजकूर सहसा दोमिए लिहीत नसे. संपादक शार्ल फिलिपों आणि कचेरीतले इतर लेखक तो लिहीत. कवी बोदलेअरने १८५७ मध्ये फ्रेंच व्यंगचित्रकारांवर लिहिलेल्या निबंधात स्पष्टच म्हटले आहे की दोमिएच्या चित्रांखालच्या ओळींचा फारसा उपयोग नाही, त्यांच्यावाचून ती चित्रे बहुतेक वेळा चालून जातील. मी हा प्रयोग या कागदावर करून पाहावा असे सुचवतो: खालच्या ओळी हाताने झाकाव्यात आणि फक्त चित्र पाहावे. उरतो तो एक माणूस, ज्याने आपली अब्रू हातात धरली आहे, आणि एक स्त्री, जिच्या हातात पुस्तक आहे. मजकूर नवऱ्याची बाजू घेऊन बोलतो आणि रेषा नवऱ्याकडे पाहून बोलते. एकाच कागदावर ही दोन मते एकत्र नांदतात, आणि मला हा कागद मोलाचा वाटतो तो त्यामुळे. दोमिए त्या वेळी एकतीस वर्षांचा आणि अविवाहित होता. पुढे १८४६ मध्ये त्याने आलेक्सांद्रीन दासी हिच्याशी लग्न केले. ती शिवणकाम करून पोट भरणारी होती.

राजकारणावर बोचरी चित्रे काढणारा माणूस नवराबायकोच्या खोलीत कसा शिरला, याचे कारण कायद्यात आहे. फिलिपोंच्या ‘ला कारिकात्यूर’ या साप्ताहिकातून आणि १८३२ अखेर सुरू झालेल्या ‘ल शारिव्हारी’तून दोमिएने राजा लुई-फिलीप याच्यावर चित्रे काढली, आणि राजावरच्याच ‘गार्गांत्युआ’ या चित्रासाठी त्याला सहा महिन्यांची कैद झाली होती. जुलै १८३५ मध्ये फिएस्की नावाच्या माणसाने राजावर प्राणघातक हल्ला केला आणि त्याचे निमित्त करून सप्टेंबरमध्ये असा कायदा आला की सरकारची आगाऊ परवानगी घेतल्यावाचून कोणतेही चित्र छापता किंवा विकता येणार नाही. शब्दांना जी मोकळीक उरली होती तीही चित्रांना उरली नाही. राजाचे तोंड काढायला बंदी आल्यावर दोमिएने भाडेकरू, घरमालक, वकील, नवरे, बाप आणि मुले यांची तोंडे काढायला घेतली.

याच कायद्याच्या आदल्या वर्षी, १८३४ मध्ये, त्याने ‘रू त्रांस्नोनँ’ हे चित्र काढले होते. सैनिकांनी एका साध्या इमारतीत शिरून रहिवाशांना ठार केले, त्यानंतरची ती खोली: विस्कटलेला पलंग, जमिनीवर रात्रीच्या सदऱ्यात पडलेला मृत पुरुष आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेले मूल. ते चित्र ज्याने पाहिले आहे त्याला १८३९ चा हा सदऱ्यातला नवरा पाहताना ते आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्ही चित्रांत सामान्य माणूस त्याच्या स्वतःच्या घरात, पुरते कपडे अंगावर नसताना पकडलेला आहे. एकात शोक आहे, दुसऱ्यात हसू. परंतु देहाकडे पाहण्याची काळजी तीच आहे, आणि मला वाटते की दोमिएच्या घरगुती चित्रांना जे वजन आहे ते येथून आले आहे. त्याच्या समकालीनांतही चांगले व्यंगचित्रकार होते, पण त्यांच्या नवऱ्यांना असे वजन नाही; ते नेहमी पोशाखच राहतात.

छपाईकडे वळतो. शिळाछाप म्हणजे चुनखडीच्या सपाट, किंचित खरखरीत दगडावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या खडूने चित्र काढायचे, दगडावर डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवायचा, दगड ओला करायचा आणि मग तेलकट शाईचा रूळ चालवायचा. ओल्या दगडाला शाई धरत नाही, चरबीला धरते. म्युनिचच्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ही रीत शोधली. खोदकाम करणाऱ्या कारागिराचा हात मध्ये येत नाही, चित्रकाराचा खडू जसा चालला तसाच कागदावर उतरतो, हा तिचा मोठा गुण आहे; फक्त चित्र उलटे काढावे लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून माझी प्रत पाहिली तेव्हा गडद भाग सलग काळे दिसले नाहीत. दगडाच्या खरखरीत पृष्ठाच्या ज्या ज्या टोकाला खडू लागला तेथे तेथे एक वेडावाकडा काळा कण, आणि दोन कणांमध्ये कोरा कागद. पाटलोणीच्या घडीत हे कण दाट होत होत जवळजवळ मिटून जातात आणि सदऱ्यावर इतके विरळ होतात की पांढरे कापड म्हणजे प्रत्यक्षात काहीच न काढलेला कागद आहे. खडूचा दाब कुठे वाढला आणि कुठे हात उचलला, हे या कणांवरून आजही वाचता येते. पडद्यावर कितीही मोठे करून पाहिले तरी हा अनुभव मला आला नव्हता.

याच परीक्षेने खरे-खोटेही कळते, म्हणून खरेदीदाराने भिंग जवळ बाळगावे. दोमिएच्या चित्रांच्या पुनर्मुद्रित प्रती विसाव्या शतकात भरपूर निघाल्या आहेत आणि पुस्तकांतून कापलेली पाने मूळ म्हणून विकली जातात. यांत्रिक छपाईत ठिपके सारख्या अंतरावर, ओळीने मांडलेले असतात. शिळाछापेत कणांना कोणतीही शिस्त नसते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या छापाला कडेने पत्र्याची दाबलेली चौकट उमटते, तशी चौकट शिळाछापेत शोधत बसू नये.

आता पाठीमागच्या बाजूविषयी, ज्यावर माझा विक्रेत्याशी सौम्य मतभेद झाला. ‘ल शारिव्हारी’ चार पानांचे दैनिक होते आणि दररोज नवे चित्र देणे ही त्याची प्रतिज्ञा होती. चित्र तिसऱ्या पानावर येई, म्हणून त्याच्या पाठीवर चौथे पान येते. माझ्या प्रतीच्या पाठीवर नाटकगृहांचे कार्यक्रम आणि जाहिराती आहेत. अक्षरांचे खिळे उंच असतात आणि दगड सपाट, त्यामुळे दोन्ही एका यंत्रावर एका वेळी छापता येत नाहीत. प्रत्येक कागद दोन वेगळ्या छपाईयंत्रांतून जाई. कागद खिडकीकडे तिरपा धरला की मागच्या खिळ्यांचे बारीक उंचवटे नवऱ्याच्या उघड्या पायांवर दिसतात, आणि मागची शाई भिंतीच्या कोऱ्या भागात फिकट सावलीसारखी उमटलेली आहे. संग्राहक यालाच दोष मानतात. निव्वळ छपाईचा दर्जा पाहिला तर ते बरोबर आहेत: पांढऱ्या कागदावरच्या प्रतींत काळा रंग अधिक खोल असतो, करड्याच्या छटा अधिक सुटतात आणि कागदाला अंग असते. मी दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले आहेत. फरक डोळ्यांना सहज दिसतो.

तरीही मी वृत्तपत्राची प्रत घेतली. हे चित्र भिंतीसाठी काढलेले नव्हते. ते सकाळी वर्गणीदाराच्या घरी किंवा वाचनगृहात पोचत होते, आणि बाजारभाव, नाटके, औषधांच्या जाहिराती यांच्या सोबतीने वाचले जात होते. संसारावरचे चित्र संसारातच उघडले जात होते. ज्या घरात ते पोचले त्या घरात एखादा उसवलेल्या पट्टीचा नवरा आणि एखादी सांद वाचणारी बायको असण्याचा संभव होता. पाठीवरचा मजकूर ही सोबत जपतो. पांढऱ्या कागदावरची प्रत ही दुकानाच्या खिडकीसाठी आणि संग्रहासाठी काढलेली वस्तू आहे. ही चित्रे प्रसिद्ध करून विकणाऱ्या ओबेरचे दुकान पॅरिसच्या पासाज व्हेरो-दोदामध्ये होते आणि तेथील काचेमागे अशी चित्रे पाहायला गर्दी जमत असे. तीही खरी हकीकत आहे, पण घरातली हकीकत नाही.

रंगवलेल्या प्रती मात्र टाळाव्यात, असे मी ठामपणे सांगेन. त्या काळीच हाताने रंगवलेल्या काही प्रती चांगल्या असतात. परंतु बाजारात दिसणाऱ्या अनेक प्रती नंतर कधीतरी विक्री वाढावी म्हणून रंगवलेल्या आहेत, आणि दोमिएने काळ्या-पांढऱ्यात साधलेला प्रकाश गुलाबी गालांनी आणि निळ्या पडद्यांनी झाकून जातो.

कागदाची अवस्था अपेक्षेपेक्षा फार चांगली निघाली. १८३० च्या दशकात वृत्तपत्राचा कागदही चिंध्यांच्या लगद्याचा असे, त्यात लाकडाचा लगदा आलेला नव्हता. म्हणून हा कागद पातळ असूनही लवचिक आहे, कडेला मोडत नाही आणि फारसा पिवळाही पडलेला नाही. दोन-तीन तपकिरी डाग आहेत, ते समासात. दोमिएच्या अखेरच्या काळातले वृत्तपत्री कागद या मानाने अनेकदा ठिसूळ झालेले दिसतात. कमी पैशांत टिकाऊ वस्तू हवी असेल तर सुरुवातीच्या वर्षांतली घ्यावी. माझ्या प्रतीच्या एका कडेला शिवणीची बारीक छिद्रे आहेत, म्हणजे ती कुणाच्या तरी बांधून ठेवलेल्या फायलीतून सुटी केलेली आहे. पूर्ण वर्षाची फाइल मोडून एकेक पान विकल्याने अधिक पैसे मिळतात, म्हणून अशा फायली मोडल्या गेल्या, याचे मला वाईट वाटते. आधीच सुटा झालेला कागद घेण्यात मला गैर वाटत नाही. पण एखादा विक्रेता आपल्यासमोर शिवलेली फाइल उघडून ‘कोणते पान कापून देऊ’ असे विचारू लागला तर तेथून उठावे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल बहुतांशी चांगलेच सांगता येईल. त्याने प्रसिद्धीची तारीख, मालिकेतला क्रमांक आणि लोईस देल्तेई याच्या सूचीतला ६२९ हा क्रमांक पावतीवर लिहून दिला; दोमिएच्या सुमारे चार हजार शिळाछाप चित्रांना देल्तेईने दिलेले क्रमांक आजही सर्वत्र चालतात आणि ते नसतील तर वस्तू ओळखणे कठीण जाते. समासातले डाग त्याने स्वतःहून दाखवले. किंमत शंभर युरोंच्या आत होती, जी दोनशे वर्षांजवळ पोचलेल्या आणि एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या हातच्या वस्तूसाठी मला रास्त वाटली. दोष एक, पण गंभीर: कागदाच्या पाठीवर वरच्या कडेला साधी चिकटपट्टी लावून तो पुठ्ठ्याला अडकवला होता. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात मुरतो आणि तपकिरी डाग पाडतो. जुन्या कागदांचा व्यापार करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे. ती काढून घेण्यासाठी मला कागद-जतनाचे काम करणाऱ्या जाणकाराकडे जावे लागले.

चौकटीचा प्रश्न मी पुण्यात सोडवला आणि त्याबद्दल येथील वाचकांना सावध केले पाहिजे. चौकटी करणाऱ्या पहिल्या दुकानात हा कागद खळ लावून हार्डबोर्डवर ‘एकदम सपाट’ बसवून देण्याची तयारी दाखवण्यात आली. देवादिकांच्या तसबिरी आणि प्रमाणपत्रे आपल्याकडे अशीच बसवतात. जुन्या छापील चित्राचा मात्र त्याने नाश होतो आणि पाठीवरचे पान कायमचे झाकले जाते. आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, काच आणि कागद यांच्यात मोकळी जागा, आणि अतिनील किरण अडवणारी काच एवढे सांगून करून घ्यावे. आपल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर असे चित्र लावू नये. भिंत ओल धरते आणि चौकटीच्या आत बुरशी येते. मी ते आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर लावले आहे, आणि मागची फळी अशी ठेवली आहे की पाठीवरचे पान पाहण्यासाठी ती सहज उघडता येईल.

शिळाछाप ही आपल्याला परकी गोष्ट नाही, हेही येथे नोंदवावेसे वाटते. याच दशकात मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले होते. पुढे पुण्याच्या चित्रशाळेची आणि रविवर्मा छापखान्याची चित्रे घराघरांत गेली ती याच तंत्राने. व्यंगचित्रांचा धागा तर सरळच जोडलेला आहे: १८४१ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘पंच’ने स्वतःला ‘लंडनचे शारिव्हारी’ असे उपनाव घेतले आणि ‘पंच’चा आदर्श समोर ठेवून मुंबईत ‘हिंदी पंच’ चालले. शिकलेल्या, वाचणाऱ्या स्त्रीमुळे नवऱ्याच्या घरादाराचे हाल होतात, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी प्रहसनांनीही वापरली, आणि ती वाचलेल्या माणसाला दोमिएचा हा नवरा ओळखीचा वाटेल.

पैसे खर्च न करता ही चित्रे पाहायची असतील तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर ‘ल शारिव्हारी’चे अंक पानोपान पाहता येतात, आणि ‘दोमिए रजिस्टर’ या सूचीत प्रत्येक चित्राची तारीख, मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी मिळते. विकत घेण्याआधी या दोन्ही ठिकाणी आपले चित्र शोधावे, म्हणजे समास किती कापला आहे आणि मजकुराची एखादी ओळ गेली आहे का, ते ताडून पाहता येते.

संसारावरच्या इतर मालिकांपैकी ‘ले बों बुर्ज्वा’ या १८४६ पासूनच्या ब्याऐंशी चित्रांच्या मालिकेतले कागद मी डोळे झाकून सुचवेन. त्यांत माणसांविषयीचा जिव्हाळा अधिक आहे आणि खडू अधिक मोकळा झाला आहे. लिहिणाऱ्या स्त्रियांवरील १८४४ ची ‘ले बा-ब्लू’ ही चाळीस चित्रांची मालिका घेताना मात्र मला संकोच वाटतो. तिच्यातील रेखाटन काही ठिकाणी ‘मर्स कोंज्युगाल’हून सरस आहे, आरशासमोर उभ्या राहिलेल्या किडकिडीत लेखिकेचे पहिले चित्र तर अप्रतिम आहे. पण लिहिणाऱ्या आईचे मूल टबात डोके खाली आणि पाय वर होऊन पडले आहे आणि आईला पत्ता नाही, अशा चित्रात रेषाही मजकुराच्याच बाजूने उभी राहते. सहाव्या क्रमांकाच्या या पाटलोणीत जो न्याय आहे, तो तेथे मला सापडत नाही. चित्रकला म्हणून ते कागद जरूर पाहावेत. रोज डोळ्यांसमोर ठेवायला मी ते घेणार नाही.

वृत्तपत्रातली प्रत टपालाने मागवणाऱ्यांनी विक्रेत्याकडे पुढच्या बाजूइतकेच स्पष्ट असे पाठीचे छायाचित्र मागावे. चिकटपट्टी, दुरुस्ती, मागून लावलेला आधाराचा कागद, हे सारे तेथेच दिसते, आणि पाठीवर मजकूर नसताना ‘अंकातली प्रत’ म्हणून वस्तू दाखवली जात असेल तर तेही तेथेच उघडे पडते. असे छायाचित्र द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तो कागद त्याच्याकडेच राहू द्यावा. ‘ल शारिव्हारी’च्या अंकांतली पाने अजून बाजारात पुरेशी आहेत.